पंख्याची कुंकवाची बाजू

हवा कुणाच्या बापाची नसते म्हणतात. आमच्या बोर्डीच्या घरात मात्र ती काही वर्षं माझ्या धाकट्या दिराच्या मालकीची होती. हवा कुठून शिरते, कुठे अडते, पात्यावरून कशी घसरते, कडेला भोवरे का होतात, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा. जेवताना सांगायचा. कुणाकडे दुखवट्याला बसायला गेला तर तिथेही सांगायचा. एरोडायनॅमिक्स हा शब्द आमच्या घरात मिठापेक्षा जास्त वापरला गेला असेल. इंजिनिअरिंगची दोन वर्षं करून त्याने कॉलेज सोडलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मास्तरांना त्याचे प्रश्न झेपत नव्हते. मास्तरांचं म्हणणं ऐकायला आम्ही कुणी गेलो नाही.

मी त्या घरातली थोरली सून. तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, सकाळी एसटी किंवा मिळेल ती जीप धरून जाते आणि संध्याकाळी घामाने चिंब होऊन परत येते. नवरा रेल्वेत. घरात कुणाशी वाद घालायचा नाही हे त्याचं नोकरीला लागल्यापासूनचं धोरण आहे, त्यामुळे या हकिकतीत त्याचा फारसा उपयोग नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे वाडीचे मालक, शब्दाला पक्के आणि देवधर्मात त्याहून पक्के. राहिली माझी धाकटी जाऊ, या दिराची बायको. खरं तर ही सगळी गोष्ट तिचीच आहे.

ती कासाकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बारावी झालेली, कमी बोलणारी. आमच्याकडे आली तेव्हापासून पाहुण्यांना चहा, गड्यांना भाकरी आणि नवऱ्याला दाद, एवढीच कामं तिच्या वाट्याला आली. चौदा साली तिने पहिल्यांदा तोंड उघडून काहीतरी मागितलं. गुरं विकल्यापासून मागचा गोठा रिकामा पडला होता. तिने चिकू वाळवण्याचं सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं आणि त्या गोठ्यात तिला वाळवणीची खोली करायची होती. आमच्याकडे चिकूच्या चकत्या गच्चीवर उन्हात वाळवतात, पण मळभ आलं की दोन दिवसांत बुरशी धरते, शिवाय कावळे आहेत, धूळ आहे, समुद्राची ओल आहे. खोलीत भट्टी असेल, भट्टीची गरम हवा पंख्याने ट्रेंवरून फिरवता येईल, तर ढग येवोत की जावोत.

सासऱ्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "कर. माल खपला तर खोली तुझी. नाही खपला तर पाडून तिथे पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढू." तेव्हा आमच्या किनाऱ्यावर ज्याच्याकडे नारळाची चार झाडं आणि एक संडास आहे तो प्रत्येक जण मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या काढत होता. जावेने मान डोलावली. पाहुण्यांच्या खोल्या झाल्या तर त्यांचा चहाही तीच करणार, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

पंखा उंबरगावच्या एका भंगारवाल्याकडून आणला. लोखंडी, रुंद पात्यांचा, कुठल्याशा कारखान्याच्या भिंतीतून काढलेला. मेस्त्रीने तो भट्टीच्या आणि ट्रेंच्या मधल्या भिंतीत गोल कडं ठोकून बसवला. त्या उन्हाळ्यात पहिला घाणा निघाला तेव्हा चकत्या डब्यात टाकल्या की खडखड वाजायच्या. जाऊ डबा हलवून मला ऐकवायची. घरात कुणाला खूश करण्यासाठी नव्हे, स्वतःच खूश होऊन हसताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. सकाळपासून दोन बायका तिच्या हाताखाली चकत्या कापायला यायच्या आणि तिला 'बाई' म्हणायच्या. घरात तिला कुणी कधी बाई म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यात खोली बंद राहिली. मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्या घरी कमावत्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. कोयते, पंप, सासऱ्यांची स्कूटर, दिराचा लॅपटॉपसुद्धा, तो काय कमावतो हे देवालाच माहीत. त्या वर्षी सासऱ्यांनी पंखाही अंगणात आणायला लावला. भिंतीत लटकलेल्या वस्तूची पूजा त्यांना चालत नाही, ती पाटावर यायला हवी. दिराने स्क्रू सोडवून पाती काढली आणि पाटावर ठेवली. खोलगट पोटाची बाजू खाली, फुगीर पाठ वर, जशी ती नीट बसतात तशी. सासऱ्यांनी वरच्या बाजूला स्वस्तिक काढलं. कुंकू फिरताना उडून जाईल म्हणून त्यांनी लाल ऑइलपेंट वापरला. झेंडू, आपट्याची पानं, नारळ, सगळं यथासांग झालं.

पंखा परत बसवताना सासरे दारात उभे होते. दिराने पहिल्यासारखा बसवायला घेतला तर स्वस्तिक भट्टीकडे जात होतं. "देवाची खूण धुराकडे?" सासरे म्हणाले. "आणि मालाकडे त्याची पाठ? माझ्या घरात देवाने आजवर कुणाकडे पाठ फिरवलेली नाही. खूण मालाकडे येऊ दे." दिराने पाती उलटून बसवली, स्क्रू आवळला, बटण दाबलं. वारा ट्रेंकडेच येत होता. सासरे समाधानाने जेवायला गेले. मी त्या दिवशी शाळेच्या पूजेला तलासरीला होते, हे सगळं मला फार पुढे जावेने सांगितलं.

दिवाळीनंतर चिकूचा बहर सुरू झाला आणि चकत्या ओल्या निघायला लागल्या. वरून कडक, आत चिकट. डबा हलवला तर काहीच वाजायचं नाही, सगळ्या एकमेकींना धरून बसलेल्या. माल उचलणारा व्यापारी उंबरगावचाच, भला माणूस. त्याने एक चकती मोडली, वास घेतला आणि म्हणाला, "बेन, आ माल चालशे नहीं." जावेने सगळा माल परत आणला आणि गाईला घातला. गाय शेजाऱ्यांची.

मग घरात न्यायनिवाडा सुरू झाला. आधी समुद्राच्या हवेला दोष दिला, मग फळाला, मग लाकडाला. सगळे निर्दोष सुटल्यावर जावेचा नंबर लागला. सासरे वाईट नव्हेत, पण बोलून गेले की एकेकाच्या हाताला गुण नसतो. तिने हात पदराखाली घेतले, ते मी पाहिलं. मला इतका संताप आला की मी ताट सारून उठले, आणि माझ्या नवऱ्याने धोरणानुसार भात मागितला.

इथे माझ्या दिराच्या बुद्धीला धुमारे फुटले. दोष हवेच्या प्रवाहात आहे, असं त्याने जाहीर केलं. यात तो बरोबर होता, आणि आयुष्यात एकदा बरोबर असलेल्या माणसाइतका घातकी माणूस नाही. "बायकोचा प्रश्न मी शास्त्राने सोडवतो," म्हणाला. तिने त्याला विचारलंही नव्हतं.

आधी त्याने पाती घासून आरशासारखी चकचकीत केली, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर हवा अडत नाही. अर्थात स्वस्तिकाला हात न लावता, त्यामुळे मधोमध लाल ठिगळ आणि भोवती आरसा. मग त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला की देवमाशाच्या पराच्या कडेला गाठी असतात आणि त्यामुळे तो पाण्यात झोकात वळतो. आमच्या पंख्याला वळायचं कुठे होतं? पण याने पात्यांच्या कडेला पुट्टीच्या गाठी चिकटवल्या. पुट्टी वाळून फिरता फिरता सुटली आणि चकत्यांत पडली. पुढे घुबडाची पाळी आली. घुबड उडताना आवाज होत नाही, कारण त्याच्या पिसांना झालर असते. पत्रा कापायची कात्री घेऊन दिराने पात्यांच्या मागच्या कडांना करवतीसारखे दाते पाडले. घुबडाच्या उडण्याचा आणि चिकू वाळण्याचा संबंध काय, असं मी विचारलं. तो माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "वहिनी, शाळेच्या पुस्तकात हे नसतं."

नसतं खरं. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं की प्रयोग करताना खरी परिस्थिती ठेवावी. हा कसा तपासायचा माहीत आहे? ट्रे सगळे बाहेर काढायचे, दार सताड उघडायचं, पंख्यासमोर रुमाल धरायचा आणि फडफडला की टाळी द्यायची. अरे बाबा, रिकाम्या खोलीत रुमाल कुणीही उडवेल. भरलेल्या ट्रेंच्या थरांतून हवेला वाट काढावी लागते, तिथे कस लागतो. मी हे सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. त्याने रुमालाचा व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला आणि मित्रांनी अंगठे पाठवले.

असे हंगाम चालले. पंख्याची जाळी उंचावर, पलीकडे भट्टीची काजळी, आणि 'प्रयोग चालू आहे, हात लावू नये' असा दिराचा हुकूम. त्यामुळे त्या पात्यांकडे जवळून बघायची कुणाची टाप नव्हती. दर दसऱ्याला पंखा उतरायचा, स्वस्तिक नव्याने रंगवलं जायचं आणि खूण मालाकडे ठेवून पुन्हा चढायचा. जाऊ जितका माल उन्हात वाळेल तितका गच्चीवर वाळवून कसाबसा व्यापाऱ्याला धरून होती. सतरा सालच्या उन्हाळ्यात सासरे म्हणाले, "पुष्कळ झालं. पावसाच्या आत गवंडी बोलावतो." जावेने त्या रात्रीच्या भाकऱ्या करपवल्या. तिच्या हातून करपलेली भाकरी मी तोवर पाहिली नव्हती.

मला सुट्टी लागली होती. घरातला टेबलफॅन धूळ खाऊन काळा झाला होता म्हणून मी त्याची जाळी काढून धुवायला घेतला. पुसून परत लावला, चालू केला, समोर बसले. बंद केला तरी बसून राहिले, कारण उठायचा कंटाळा आला होता. पाती हळूहळू थांबली आणि त्यांची खोलगट बाजू माझ्याकडे होती. असणारच. खोलगट पोटाने हवा ढकलायची, फुगीर पाठ मागे. मी जन्मभर पंख्यासमोर बसते आहे, पोट माझ्याकडेच असतं. मग मी उठले आणि वाळवणीच्या खोलीत गेले. गवंडी येणार म्हणून पंखा बंद होता आणि जाळी उतरवून ठेवली होती. ट्रेंच्या बाजूने पाहिलं. लाल स्वस्तिक, आणि फुगीर पाठ. पोट भट्टीकडे.

मी जावेला हाक मारली आणि विचारलं की हा असाच बसवलेला होता का. तेव्हा तिने मला पहिल्या दसऱ्याची हकीकत सांगितली. पाटावर कसा ठेवला, खूण कुठे काढली, सासरे काय म्हणाले. सांगता सांगता ती मध्येच थांबली. "त्याच्या आधी चकत्या वाजत होत्या," ती म्हणाली.

आम्ही दोघी दिराकडे गेलो. तो ओट्यावर फोन घेऊन पडला होता. पंखा उलटा बसलाय म्हटल्यावर तो असा हसला की शेजारी डोकावले. "वहिनी, उलटा असता तर हवा उलटी नसती का आली? हवा ट्रेंकडेच येते ना? मग?"

हीच तर मेख आहे. माणूस पाती उलटून लावतो, वारा त्याच दिशेला येतो, आणि त्याला वाटतं काही बिघडलं नाही. पात्याचा कल कुठूनही बघा, तोच राहतो. उलटतं ते पोट आणि पाठ, पुढची कड आणि मागची कड. मी स्वयंपाकघरातून डाव आणला. "हा पालथा धरून भात वाढला तर भात पानातच पडतो, भावजी. तुमच्या पानातून उडून भांड्यात जात नाही. पण पडतो किती?"

"ते डावाचं शास्त्र झालं," दीर म्हणाला.

जाऊ तोवर पाना घेऊन आली होती. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीला तिने हात लावलेला मी पाहिला नव्हता. पण अडचण हत्यारांची नव्हती, स्वस्तिकाची होती. पंखा सुलटा केला की देवाची खूण भट्टीकडे जाणार, आणि सासऱ्यांना हे सांगणार कोण? मीच गेले. ते वाडीत फवारणी बघत होते. मी सगळं सांगितलं, डावासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग दोन्ही बाजूंना काढा की खूण. त्यात काय?"

त्यात काय. देवमासा झाला, घुबड झालं, पुट्टी झाली, शेजारच्या गाईने चिकू खाऊन खाऊन अंग धरलं, जावेच्या हाताचा गुण गेला. आणि उपाय काय, तर एक ब्रश लाल रंग. पण त्यांना विचारलं कुणी होतं? आमच्या घरात मोठ्या माणसाला घाबरायची पद्धत आहे, विचारायची नाही.

पंखा सुलटा झाला. दोन्ही बाजूंना स्वस्तिक काढलं. पहिल्याच घाण्याला, दाते पडलेल्या त्या विद्रूप पात्यांनीसुद्धा, चकत्या खडखडीत निघाल्या. व्यापाऱ्याने एक तोंडात टाकली आणि न बोलता दुसरी उचलली. गवंडी परत गेला. इथे माझी ही आठवण सुखाने संपायला हरकत नव्हती.

पण माझा दीर घरात होता ना.

"दात्यांचा परिणाम दिसायला वेळ लागतो," त्याने लोकांना सांगायला सुरुवात केली. पंखा उलटा होता हे त्याच्या हकिकतीतून पहिल्या आठवड्यात गळलं. दुसऱ्या आठवड्यात मी गळले. जाऊ आधीपासूनच नव्हती. सायवनकडचे कुणी शेतकरी खोली बघायला आले, त्यांना त्याने घुबडावर व्याख्यान दिलं. डहाणूला कुठल्याशा सभेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसले होते. स्टेजवरच्या छताला पंखा फिरत होता आणि त्याची पोटाची बाजू, जशी असायला हवी तशी, खाली आमच्याकडे होती. भाषण करणाऱ्या माझ्या दिराने मान वर करून पाहिलं असतं तरी पुरे होतं. त्याने मान शाल घेण्यापुरती वाकवली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. माल खपेना तोवर ती खोली 'हिची' होती, 'हिचं काहीतरी चाललेलं असतं' अशी. माल खपायला लागला तशी ती धंदा झाली. धंदा म्हटला की पुरुषाने बघायला हवा. सासरे म्हणाले, "आता पसारा वाढणार, तिला एकटीला कसं झेपेल?" तीन वर्षं बुरशीला तोंड देताना तिला झेपत होतं. फायद्याला तोंड देताना झेपणार नाही, असा त्यांचा हिशेब. अठरा साली दिराने खोलीला बोर्ड लावला, त्यावर स्वतःचं नाव आणि खाली 'संशोधक'. खोलीची किल्ली त्याच्या कमरेला गेली. चकत्या कापणाऱ्या बायका त्याला साहेब म्हणायला लागल्या. आणि खोली बघायला येणाऱ्यांसाठी चहा कोण करत होतं, हे सांगायला नको.

मी जावेवर चिडले. "तू बोलत का नाहीस? खोली मागून घेतलीस तू, उभी केलीस तू. बाबांनी शब्द दिला होता, माल खपला तर खोली तुझी. खपला ना?" ती चहा गाळत होती. "शब्द आठवून दिला मी त्यांना," ती म्हणाली. "म्हणाले, घरातच आहे की खोली, कुठे परक्याकडे गेली." मग तिने कप ट्रेमध्ये मांडले आणि बाहेर नेऊन दिले.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी मुद्दाम घरी थांबले. पंखा अंगणात आला. सासऱ्यांनी दोन्ही बाजूंची स्वस्तिकं नव्याने रंगवली. दीर सत्काराची शाल पांघरून पूजेला बसला होता, त्याला उठून स्क्रू आवळायचा कंटाळा. "मी बसवते," जाऊ म्हणाली आणि पंखा उचलून आत गेली. कुणी लक्ष दिलं नाही. मीही पुरणपोळीच्या मागे होते.

हंगाम सुरू झाला. पहिला घाणा चिकट निघाला. दुसराही. दिराने लाकडं बदलली, भट्टीत फुंकर मारायला दुसरा छोटा पंखा लावला, पात्यांचे दाते कानशीने धारदार केले. व्यापारी आला, चकती मोडली, वास घेतला. "आ माल चालशे नहीं, भाई," म्हणाला. या वेळी त्याला बेन दिसली नाही म्हणून भाईला म्हणावं लागलं. दीर दिवसभर पंख्यासमोर खुर्ची टाकून बसायचा. समोर लाल स्वस्तिक, कालच्यासारखंच, जागच्या जागी. खूण मालाकडे, वारा मालाकडे. शोधायला आता राहिलं काय?

मी एका रविवारी त्याला चहा द्यायला खोलीत गेले आणि बंद पंख्याकडे पाहिलं. लाल स्वस्तिक, आणि फुगीर पाठ.

चहाचा कप मी तसाच परत घेऊन आले. जाऊ मागच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मला आधी भीती वाटली ती तिच्यासाठी. "अगं, त्यांनी वैतागून गवंडी बोलावला तर? खोलीच गेली तर?"

"खोली आत्ता तरी कुठे माझी आहे, वहिनी?" ती म्हणाली.

आम्ही चादर झटकली आणि दोरीवर टाकली. दिराला मी काही सांगितलं नाही. विज्ञानाची शिक्षिका आहे मी, विद्यार्थ्याला उत्तर आयतं देऊ नये हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शिकवलंय. पंखा त्याच्या डोळ्यांसमोर होता. घरात टेबलफॅन होता, डाव होता. दीड वर्षापूर्वी मी तोंडाने सगळं सांगितलंही होतं. हवेचा मालक तो, त्याने ओळखावं.

त्याने काही ओळखलं नाही. होळीच्या सुमाराला त्याचं लक्ष ड्रोनवर गेलं. ड्रोनला चार पंखे असतात, म्हणजे चौपट अक्कल लागते, आणि चिकूत काही राम नाही असं त्याने जाहीर केलं. बोर्ड पावसाआधी उतरला. सासरे पुन्हा पाहुण्यांच्या खोल्यांचं बोलायला लागले. त्या दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना जाऊ वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "बाबा, एक हंगाम मला द्या. आणि या वेळी माल खपला तर खोली माझी म्हणजे माझी. किल्ली माझ्याकडे राहील, पसारा वाढला तरी."

सासरे घास हातात धरून बसले. मग मुलाकडे वळले. "तुला हवी आहे का रे?"

"मला काय करायचंय त्या भंगाराचं?" दीर फोनमधून वर न बघता म्हणाला.

"मग दिली," सासरे म्हणाले, आणि त्यांनी तिला हात पुढे करायला सांगून हातावर पाणी सोडलं. आमच्याकडे दिलेली वस्तू परत मागायची नसेल तर असं करतात. किल्ली दिराने जेवण झाल्यावर दिली, तीही शोधावी लागली.

एकोणीस सालच्या दसऱ्याला पंखा पुन्हा अंगणात आला. दोन्ही बाजूंना रंग लागला, झेंडू वाहिला, नारळ फुटला. जाऊ पंखा उचलून आत गेली, आणि या वेळी मी पाना धरायला तिच्याबरोबर गेले. तिने पाती हातात फिरवली, पोटाची बाजू मालाकडे केली आणि स्क्रू असा आवळला की तो सोडवायला मेस्त्री लागावा. बटण दाबलं. ट्रेवर अंथरलेला कागद उडून दाराबाहेर गेला आणि नेमका दिराच्या पायाशी पडला.

तो दारात आला. पंख्याकडे बघितलं, स्वस्तिकाकडे बघितलं, रुमाल काढून समोर धरला. "आज वारा जास्त वाटतोय," तो म्हणाला. "काय केलंस?"

जावेने पदराला हात पुसले. "दसरा आहे ना," ती म्हणाली. "आज पूजा मनापासून झाली."